नवख्याची शिकार : बंदूक सगळ्यात शेवटी

कॅनडात किंवा अमेरिकेत स्थायिक झालेला शाळेतला मित्र एक दिवस फोटो टाकतो. अंगात भडक नारिंगी जाकीट, पायाशी आडवं पडलेलं हरीण, चेहऱ्यावर दमलेलं हसू. खाली प्रतिक्रियांची रांग लागते. "अरे, तुला आत टाकलं नाही का?" "बंदूक कुठून आणलीस?" आणि एक तरी हमखास, "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

तिकडे माणूस हरीण मारून उजळ माथ्यानं फोटो टाकतो आणि इकडे त्याच कामापायी वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात, हे कोडं बऱ्याच जणांना पडतं. मला त्याहून मोठं वाटतं ते दुसरं. ज्याच्या घरात सात पिढ्यांत कुणी बंदूक धरली नाही, असा चाळिशीतला माणूस शिकार शिकतो तरी कसा? कुठे जातो, कुणाला विचारतो, पहिल्या दिवशी करतो काय?

उत्तर ऐकून काहींचा हिरमोड होईल. पहिलं वर्ष बहुतेक वाचण्यात, चालण्यात आणि गप्प बसण्यात जातं. बंदूक येते ती सगळ्यात शेवटी, आणि आल्यावरही दहापैकी नऊ वेळा ती तशीच खाली ठेवायची असते.

## आधी भारतापुरतं

हा लेख भारतात शिकार कशी करावी याबद्दल नाही, कारण इथे ती करताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ साली आला. त्यानंतरही काही वर्षं ठरावीक प्राण्यांसाठी परवान्याची सोय कायद्यात होती. १९९१च्या दुरुस्तीनं ती वाटही बंद झाली. शिकारीची कायद्यातली व्याख्या आपल्या समजुतीपेक्षा बरीच ऐसपैस आहे. ठार मारणं तर झालंच, पण पकडणं, फासा लावणं, हाकारून नेणं, आमिष टाकणं आणि यातल्या कशाचा नुसता प्रयत्न करणंही तीत बसतं. पिकाच्या राखणीसाठी घरात परवान्याची बंदूक असेल, तर तो परवाना शस्त्र बाळगण्याचा असतो. रानडुकरावर बार टाकायचा नव्हे. अपवाद मोजके: माणसाच्या जिवावर किंवा, काही जातींच्या बाबतीत, पिकावर उठलेला प्राणी (तोही वनखात्याच्या लेखी परवानगीनं), स्वतःचा जीव वाचवणं, आणि सरकारनं ठरावीक भागात ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी म्हणून जाहीर केलेली जात. २०१५-१६मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत नीलगायीच्या बाबतीत असं झालं होतं.

तेव्हा पुढचं सगळं वाचायचं ते, जिथे कायदा शिकारीला परवानगी देतो तिथलं म्हणून.

## रानातलं हरीण कुणाचं?

नवख्याला वाटतं, पहिला प्रश्न 'कोणती बंदूक घेऊ' हा आहे. खरा पहिला प्रश्न 'कुठे' हा असतो, आणि त्याचं उत्तर देशागणिक बदलतं.

अमेरिकेत रानातला प्राणी कुणाच्याच मालकीचा नाही. राज्य सरकार जनतेच्या वतीनं त्याचा विश्वस्त. तुमच्या शेताच्या कडेनं नदी वाहते म्हणून तिचं पाणी तुमच्या एकट्याचं होत नाही, तसंच हे. तुमच्या रानात चरणारं हरीण तुमचं नाही. फार तर तुमच्या हद्दीत कुणी पाऊल टाकायचं हे तुम्ही ठरवाल. शिवाय तिथे प्रचंड सरकारी जंगलं आहेत आणि परवानाधारकाला त्यातल्या बऱ्याच ठिकाणी जाता येतं. ज्याच्याकडे एक गुंठाही जमीन नाही अशा नवख्याला ही मोठी सोय.

जर्मनीत उलटं. तिथे शिकारीचा हक्क जमिनीला चिकटलेला. सलग किमान ७५ हेक्टर जमीन असेल तर तुमचं स्वतःचं शिकारक्षेत्र होऊ शकतं. त्याहून लहान तुकड्यांचे मालक एकत्र येतात आणि तो हक्क भाड्यानं देतात. भाडेकरू शिकाऱ्यावर नुसती शिकार नसते, जबाबदारीही असते. रानडुकरांनी शेजारच्या मक्याची नासाडी केली तर भरपाईचा भार बहुतेक वेळा त्याच्याच डोक्यावर येतो. इंग्लंडमध्ये जमीनमालकाची परवानगी आणि पोलिसांकडून मिळणारा शस्त्राचा दाखला, ही जोडी लागते.

## परवाना, हंगाम, टॅग

हे तीन शब्द एकदा समजले की निम्मं काम झालं. उदाहरण रेल्वेचं घ्या. परवाना म्हणजे गाडीत चढायची मुभा. हंगाम म्हणजे गाडीचं वेळापत्रक. आणि टॅग म्हणजे तुमच्या नावावरची एक सीट.

टॅग ही साधी कागदाची किंवा प्लॅस्टिकची पट्टी. एक पट्टी, एक प्राणी. तीवर जात लिहिलेली असते, विभाग लिहिलेला असतो, बऱ्याचदा नर की मादी हेही. जनावर पडलं की जागेवरच तारखेवर खूण करायची आणि पट्टी शिंगाला किंवा पायाला बांधायची. तिथून हलवण्याआधी. 'घरी जाऊन बांधतो' म्हणणारा त्या क्षणापासून चोरटा शिकारी ठरू शकतो. साध्या हरणाचे टॅग सहसा सहज मिळतात. मूस किंवा एल्क यांसारख्या मोठ्या जनावरांसाठी अनेक ठिकाणी सोडत निघते, आणि नंबर लागायला वर्षंच्या वर्षं जातात.

हंगाम ठरतो तो प्रामुख्यानं प्राण्याच्या वेळापत्रकावरून. पिल्लं अंगावर पिणारी असताना मादीला हात लावायचा नाही, हा त्यातला मूळ विचार. दिवसाच्या वेळाही ठरलेल्या. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. त्याबाहेर बार काढला तर परवाना खिशात असूनही गुन्हा.

## किती मारायचे, हे कोण ठरवतं?

पेरणीनंतर रोपं दाट उगवली की विरळणी करतात. कोवळी, चांगली वाढणारी रोपंसुद्धा उपटून टाकावी लागतात, आणि पहिल्यांदा करणाऱ्याच्या जिवावर येतं. न केली तर सगळीच खुरटतात. हरणांच्या व्यवस्थापनामागचं गणित जवळपास हेच आहे.

एखादं रान हिवाळ्यात किती हरणं पोसू शकतं याला मर्यादा असते; तिला धारणक्षमता म्हणतात. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणीला बऱ्याचदा जुळी होतात. लांडगा, प्यूमा (तिकडचं मोठं रानमांजर) नाहीसे झालेल्या भागात संख्या झपाट्यानं वाढते, जंगलातली कोवळी झाडं तोंड पोहोचेल तिथवर खाऊन संपतात, आणि कडक हिवाळ्यात हरणं उपासमारीनं मरतात. ते मरण सावकाश असतं आणि त्याचे फोटो कुणी टाकत नाही.

इथे एक गोष्ट नवख्याला उलटी वाटते. संख्या आवरायची असेल तर नुसते शिंगाळे नर मारून भागत नाही. एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून वनखातं अनेकदा मादीचे टॅग जास्त काढतं, आणि शिंगांच्या मोहानं आलेल्या माणसाचं तोंड वाकडं होतं. आकडे ठरवताना विमानातून मोजणी होते, लेंड्या मोजल्या जातात, आणि शिकाऱ्यांनी आणलेल्या हरणांचे दात पाहून वय काढलं जातं. नवख्या शिकाऱ्यानं वनखात्याच्या तपासणी नाक्यावर दाखवलेला जबडा पुढच्या वर्षीच्या टॅगच्या हिशेबात जातो.

## हे शहाणपण फुकट आलेलं नाही

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत शिकारीवर लगाम नव्हता. कोट्यवधी गव्यांचे, म्हणजे तिथल्या बायसनचे, १८८०च्या दशकाअखेर हजारभरही उरले नाहीत. आकाश झाकून टाकणारा पॅसेंजर पिजन हा कबुतराचा प्रकार पार नामशेष झाला. शेवटची मादी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. त्यामागे छंद म्हणून शिकार करणारे कमी आणि बाजारासाठी मारणारे जास्त होते. गाड्या भरभरून मांस आणि पिसं शहरांत जात.

म्हणून नियमांचा पहिला घाव बाजारावर पडला. १९००च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेला प्राणी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेणं गुन्हा ठरवलं. आजही अमेरिकेत शिकाऱ्याला मारलेल्या रानटी हरणाचं मांस विकता येत नाही. खा, वाटा, दान करा. मग १९३७ साली पिटमन-रॉबर्टसन कायदा आला. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर ११ टक्के कर, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना. जो शिकार करेल त्यानंच रान राखायचा खर्च उचलायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पांढऱ्या शेपटीची हरणं सुमारे पाच लाख उरली होती असा अंदाज आहे. आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. याचं सगळं श्रेय शिकाऱ्यांनी स्वतःच्या खात्यात जमा करू नये. ओस पडलेल्या शेतांवर वाढलेलं रान आणि संपलेले शिकारी प्राणी यांचाही त्यात वाटा आहे. पण पैसा त्यांनी भरला, हे खरं.

## वर्ग आणि परीक्षा

न्यूयॉर्क राज्यानं १९४९ साली नवख्या शिकाऱ्यांना प्रशिक्षण सक्तीचं केलं, आणि हळूहळू ती रीत देशभर पसरली. आता बहुतेक अभ्यासक्रम ऑनलाइन असतो आणि शेवटी एक दिवस प्रत्यक्ष मैदानावर. बंदूक हाताळणं, प्राणी ओळखणं, कायदा, प्रथमोपचार, मांस साफ करणं, असे धडे. कुंपण ओलांडताना बंदूक कशी द्यायची-घ्यायची, याची तर चक्क रंगीत तालीम होते. काही राज्यांत 'उमेदवारी परवाना' मिळतो: अनुभवी शिकारी हाताच्या अंतरावर सोबत असेल तर परीक्षेआधी एखादा हंगाम करून पाहता येतो. माझ्या मते नवख्यासाठी याहून चांगली सोय नाही. महागड्या सामानावर पैसे घालण्याआधी आपल्याला हे जमणार आहे का, हे तरी कळतं.

जर्मनीत मात्र घाम काढतात. तिथल्या शिकार परीक्षेला लोक 'हिरवी आबितुर' म्हणतात. आबितुर म्हणजे आपल्या बारावीसारखी मोठी परीक्षा. लेखी, तोंडी आणि नेमबाजी, तिन्ही पार करायच्या. प्राण्यांचे रोग, झाडं, शिकारी कुत्रे, मांसाची स्वच्छता, कायदा, सगळं येतं. नेम उत्तम पण रोगट यकृत ओळखता आलं नाही, तर पुढच्या वेळी या.

## चार नियम, ज्यांना अपवाद नाही

प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चालायचं. जे उद्ध्वस्त करायचं नाही तिकडे नळी वळवायची नाही. नेम पक्का होईपर्यंत बोट चापावर न्यायचं नाही. आणि सावज काय आहे हे पाहायचं, तसंच त्याच्या मागे काय आहे तेही.

चौथा नियम नवखे विसरतात. हरणाच्या शिकारीत वापरल्या जाणाऱ्या रायफलची गोळी मोकळी सुटली तर काही किलोमीटर जाऊ शकते; .२२ सारखी चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या पुढे. म्हणून टेकाडाच्या माथ्यावर आभाळाच्या पार्श्वभूमीवर उभं असलेलं हरीण चित्रासारखं दिसलं तरी सोडून द्यायचं. मागे मातीचा उतार हवा, जो गोळी गिळेल.

आणखी एक गोष्ट वर्गात ऐकून लोक हसतात. शिकाऱ्यांच्या गंभीर दुखापतींत मचाणावरून पडणं हे मोठं कारण आहे. पहाटेचा अंधार, गोठलेली शिडी, पेंगुळलेला माणूस. झाडाला बांधलेला सुरक्षा पट्टा चढण्याआधी लावायचा आणि जमिनीला पाय टेकल्यावरच सोडायचा. बंदूक मागाहून दोरीनं वर ओढायची, रिकामी.

## आणि बंदूक?

थोडक्यात उरकतो, कारण यावर लोक नको तितकं बोलतात. पक्षी, ससे यांसाठी शॉटगन, तिच्यातून छऱ्यांचा झोत जातो. हरणासाठी रायफल, तिच्यातून एकच गोळी. धनुष्यबाण वापरणारेही पुष्कळ आहेत; त्यात फार जवळ जावं लागतं आणि सराव वर्षभर लागतो. मधल्या दर्जाची, अंगाला बसणारी, धक्का सोसेल अशी एक रायफल आणि चांगली दुर्बीण पुरते. दुर्बीण वेगळी हवी, कारण रायफलवरच्या दुर्बिणीतून 'ते काय हललं' म्हणून पाहणं म्हणजे कदाचित एखाद्या माणसावर नळी रोखणं.

सराव मात्र टेबलावर बंदूक टेकवून करू नका. गुडघ्यावर बसून, झाडाला टेकून, धाप लागलेली असताना करा. रानात टेबल नसतं.

## वारा

सगळ्यात आधी शिकायची गोष्ट कोणती, असं विचारलं तर कुठलाही जुना शिकारी हेच सांगेल. हरणाच्या डोळ्याला एक वेळ चकवता येतं, कानालाही. नाकाला नाही.

हरणाची नजर आपल्याहून वेगळी. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यानं जवळजवळ सगळीकडचं दिसतं आणि बारीकशी हालचाल लगेच टिपली जाते. पण लाल-नारिंगी रंग त्याला आपल्यासारखा वेगळा कळत नाही. ते जाकीट त्याला पाचोळ्यातच मिसळल्यासारखं दिसतं. दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र ते लांबून डोळ्यात खुपतं, आणि तेच तर हवं असतं. याउलट निळा आणि अतिनील उजेड हरणाला चांगला दिसतो. 'कपडे झळाळतील' म्हणणारी धुण्याची पावडर इथे घात करते.

वास म्हणाल तर वारा तुमच्याकडून हरणाकडे वाहत असेल तर घरी गेलेलं बरं. शिकारी खिशात टाल्कम पावडरीची छोटी बाटली ठेवतात. दाबली की पांढरा धूर निघतो आणि कुठे जातो ते दिसतं. ती पाहिल्यावर पहिल्यांदा कळतं, वारा म्हणजे नुसता 'पश्चिमेचा' नसतो. तो झाडाशी वळतो, ओढ्यापाशी बसतो, खडकामागे गिरकी घेतो. डोंगराळ भागात तर दिवसाच्या वेळेप्रमाणे दिशा बदलतो: सकाळी ऊन पडलं की उतारावरची हवा तापून वर चढते, संध्याकाळी गार होऊन खाली ओघळते. म्हणून उतारावर सकाळी हरणाच्या वरच्या अंगाला बसायचं आणि संध्याकाळी खालच्या.

बाकीचं सगळं माग काढण्यात येतं. चिखलातले खुरांचे ठसे, ताज्या ओलसर लेंड्या, नरानं शिंगं घासून सोललेली साल, गवतात बसून झालेले लंबगोल खळगे. हंगामाच्या आधीचे कित्येक रविवार बंदुकीशिवाय यातच घालवायचे असतात. हरणं बहुतेक झुंजूमुंजू आणि कातरवेळेला हलतात. त्यांची झोपायची जागा कुठे, चरायची कुठे आणि मधली पायवाट कुठली, एवढं कळलं तरी खूप.

## ऐंशी पावलांवर

समजा, तुम्ही तीन तास बसला आहात. पायाची बोटं कधीच बधिर झालीत. खार पाचोळ्यात इतका आवाज करते की चारदा छातीत धस्स झालं. आणि मग काहीही आवाज न होता, जिथे मघाशी नुसता बुंधा होता, तिथे हरीण उभं असतं. ऐंशी पावलांवर.

हात कापायला लागतात. इंग्रजीत याला 'बक फीव्हर' असं नावच आहे, म्हणजे एक प्रकारचा शिकारीचा ज्वर, आणि तो भल्याभल्यांना येतो. दुर्बिणीत पाहता: टॅग बिनशिंगाच्या हरणाचा आहे, पण डोकं फांदीआड आहे. थांबा. ते मान काढतं, शिंगं नाहीत. मागे काय? चढण आहे, ठीक. पण ते तुमच्याकडे तोंड करून उभं आहे. समोरून गोळी लागली तर छातीऐवजी पोटात शिरायची भीती. आडवं उभं राहिलं पाहिजे, म्हणजे पुढच्या पायाच्या जरा मागे फुप्फुस आणि हृदय येतं. नेमाला जेमतेम दोन तळहातांएवढी जागा. थांबा. ते वळतं, आता आडवं आहे. सेफ्टी, म्हणजे चाप अडवून धरणारा खटका, काढता. तेवढ्यात त्याच्या मागून दुसरं, लहान हरीण येऊन उभं राहतं. एकातून गोळी आरपार दुसऱ्यात जाऊ शकते.

सेफ्टी परत लावता. दोघं निवांत चरत पुढे जातात आणि झाडीत मिसळतात. हरीण समोर येऊनही एक गोळी सुटली नाही, आणि यात तुमचं काहीही चुकलेलं नाही.

## बार झाल्यावर

खरं काम आता सुरू होतं. नेम बरोबर लागला तरी हरीण अनेकदा जागेवर पडत नाही. शंभर-दीडशे मीटर धावत जातं. नवखा उडी मारून मागे पळतो, आणि हीच चूक. पाठलाग झाला तर जखमी जनावर अंगातला उरलासुरला जोर लावून लांब जातं. किमान अर्धा तास हलायचं नाही. ते कुठे उभं होतं, शेवटचं कुठे दिसलं, हे डोक्यात पक्कं करायचं.

मग माग. पानावरचं रक्त बोलतं. फिकट लाल, बुडबुडे असलेलं, म्हणजे फुप्फुस. हरीण जवळच असणार. काळपट दाट म्हणजे यकृत. हिरवट, वास येणारं म्हणजे पोटाला लागलं. तेव्हा कित्येक तास थांबावं लागतं, आणि ते तास शिकाऱ्याच्या आयुष्यातले फार वाईट तास असतात. जर्मनीत अशा वेळी माग काढणारा तयार कुत्रा बोलावतात. रक्त सापडेनासं झालं तर गुडघ्यावर रांगत, शेवटच्या थेंबापाशी रुमाल बांधून, पुढचा शोधायचा. सापडलं नाही म्हणून तासाभरात हात झटकणाऱ्यानं पुन्हा बंदूक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सापडल्यावर आतडी काढायची, लगेच. अंगातली ऊब मांसाची वैरीण आहे. पोटाची पिशवी न फोडता चाकूचं पातं वर ठेवून, दोन बोटांमध्ये धरून कातडी चिरत जायचं असतं. पहिल्या वेळेला वाफ, वास आणि हातावरचं कोमट रक्त, या सगळ्यानं काहींना भडभडून येतं. त्यात लाज नाही. नंतर ते धूड रानाबाहेर ओढत आणायचं आणि थंड करायचं.

खाण्याबाबत दोन-तीन गोष्टी माहीत हव्यात. रानडुक्कर आणि अस्वल यांच्या मांसात ट्रायकिनेला नावाचा कृमी असू शकतो, म्हणून ते आतून ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवायचं. उत्तर अमेरिकेत हरणांना मेंदू पोखरणारा एक रोग होतो, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ साली कोलोराडोत तो पहिल्यांदा लक्षात आला. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण शिजवूनही तो नष्ट होत नाही, म्हणून रोगाच्या भागात तपासणी करूनच खायचं. आणि शिशाची गोळी आत फुटून बारीक कण पसरवते. त्या कणांनी मेलेलं खाणारी गिधाडं आणि गरुडही मरतात. अमेरिकेत पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छरे १९९१पासून बंद आहेत. कॅलिफोर्नियात २०१९पासून सगळ्याच शिकारीत. नवख्यानं सुरुवातच तांब्याच्या गोळीनं करावी, सवय बदलायची कटकट राहत नाही.

## "पण मजेसाठी जीव घेणं बरोबर आहे का?"

हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. शिकारीत आनंद होतो हे नाकारणारा शिकारी खोटं बोलतो. फक्त तो आनंद कशाचा, हे त्यालाही नीट सांगता येत नाही. बसण्याचा, माग काढण्याचा, की शेवटाचा. ज्याला मांसाहारच अमान्य आहे त्याच्यापुढे शिकाऱ्याकडे खरं उत्तर नाही. जो मांस खातो आणि शिकारीला क्रूर म्हणतो, त्यानं मात्र पिंजऱ्यातल्या कोंबडीचं आयुष्य आणि रानातल्या हरणाचं आयुष्य शेजारी ठेवून पाहावं. भिंतीवर डोकं लावायला मारायचं आणि मांस टाकून द्यायचं, याचं समर्थन मला करता येत नाही, आणि अनेक ठिकाणी खाण्याजोगं मांस वाया घालवणं गुन्हाच आहे.

## "मग लांडगे सोडा की!"

जिथे जागा आहे तिथे सोडतातही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली लांडगे परत आणले. पण हरणं सगळ्यात जास्त वाढतात ती शहराच्या कडेच्या वस्त्यांत, आणि तिथे लांडगा कुणालाच नको असतो. हरणांचं संततिनियमन हा आणखी एक उपाय सुचवला जातो. कुंपणातल्या छोट्या कळपात तो चालतो. मोकळ्या रानात प्रत्येक मादीला गाठून इंजेक्शन मारणं फार अवघड जातं.

## "बंदीच का घालत नाहीत?"

स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा प्रांतानं १९७४ साली लोकमत घेऊन ती घातलीच. रान बहरलं, लोक खूश आहेत. पण रानडुकरं वाढली की सरकारी वनरक्षक रात्री जाऊन त्यांना गोळी घालतात, पगार घेऊन. तिथे चाप ओढणारा बदलला आणि खर्च करदात्यांकडे गेला. लहानशा, पैसेवाल्या प्रांताला ते परवडतं. केनियानं १९७७पासून शिकारीवर बंदी घातली आहे, आपण १९९१मध्ये उरलीसुरली वाटही बंद केली. प्रत्येक देशानं आपलं रान, आपली माणसं आणि आपला इतिहास पाहून वेगळं उत्तर काढलंय, आणि एकाचं उत्तर उचलून दुसऱ्याला लावलं की फसतं.

## तर सुरुवात कशी करायची?

जिथे कायदा परवानगी देतो तिथे राहत असाल तर आधी वर्गात नाव घाला. मग कुणा जाणत्याच्या मागे, बंदूक न घेता, एक अख्खा हंगाम फिरा. त्याचं हरीण ओढायला मदत करा, आतडी काढताना टॉर्च धरा. तेवढ्यानंतरही मन घट्ट असेल तर मोठ्या जनावराऐवजी ससा किंवा खार यांपासून सुरुवात करा. संधी जास्त मिळतात, चुका लहान असतात. वर्षभर नेमाचा सराव करा आणि किती अंतरापर्यंत तुमची प्रत्येक गोळी छोट्या ताटलीत बसते ते मोजा. तेवढाच तुमचा टप्पा, मग बंदूक कितीही लांब पोहोचो.

पहिल्या हंगामात बहुतेकांच्या हाती काही लागत नाही. शेवटच्या संध्याकाळी ठरलेली वेळ संपते, तुम्ही काडतुसं काढून खिशात टाकता, शिडीवरून उतरता. जाकिटाच्या आतल्या खिशात टॅग असतो, घडी पडलेला, कोरा. पुढच्या वर्षी तो चालत नाही. नवा घ्यावा लागतो.